खंडेनवमीचा मॉनिटर

दसऱ्याच्या सकाळी मी बारामतीत दारात गाडी पुसत होतो आणि झेंडूचा हार बॉनेटवर सरळ बसत का नाही म्हणून चिडत होतो. तेवढ्यात बावड्याहून आक्काचा फोन आला. आक्का ही माझी थोरली बहीण. फोनवर ती आधी घरातल्या एकेकाची खुशाली विचारते, मग पाऊसपाण्यावर येते आणि मुद्दा अगदी शेवटी, ठेवता ठेवता सांगते. त्या दिवशी ती थेट म्हणाली, "पडदा काळा पडलाय. आन आतनं शिट्टी वाजतीया. तू निघ."

"आधी बंद कर," मी ओरडलोच. "भिंतीवरचं बटण बंद कर, मग बोल."

"मशीनचं?"

"मशीनचं नाही गं! मॉनिटरचं!"

मशीन बंद झालं असतं तर सगळाच खेळ खलास होता. आक्काचं बावड्यात उबवणीचं छोटं केंद्र आहे, गावरान कोंबडीच्या पिल्लांचं. घराला लागून पत्र्याची शेड, शेडमध्ये कपाटासारखं उभं उबवणी मशीन आणि त्याच्या शेजारी टेबलावर एक कॉम्प्युटर. कुठलंसं बंद पडलेलं केंद्र विकायला निघालं तेव्हा हे सगळं एकत्रच घेतलेलं. त्यात मॉनिटरही आला, जुना, काचेच्या नळीचा, पाठीमागे पोट सुटलेला. मशीन आपली ऊब आपण सांभाळतं, पण किती ऊब आणि किती ओल ठेवायची हे त्याला त्या कॉम्प्युटरवरूनच सांगावं लागतं. अंडी फुटायच्या आधीच्या शेवटच्या टप्प्यात ऊब जरा उतरवायची आणि ओल चांगली वाढवायची असते. नाही वाढवली तर कवचाच्या आतलं पातळ कातडं सुकून पिल्लाला घट्ट चिकटतं. पिल्लू चोच मारतं, भोक पाडतं आणि तिथंच अडकून मरतं.

तो टप्पा नेमका त्या सकाळी सुरू होणार होता.

याआधी अंड्यांच्या दोन खेपा आक्काच्या हातून गेल्या होत्या. एक वीज गेली तेव्हा इन्व्हर्टरने दगा दिला म्हणून, दुसरी दाराचं रबर ढिलं पडलं म्हणून. दाजी, म्हणजे आक्काचे यजमान, डाळिंबाची गाडी घेऊन बाहेरच असतात. माणूस वाईट नाही, पण त्यांनी सांगून टाकलं होतं की तिसरी खेप गेली तर मशीन भंगारात द्यायचं आणि शेडमध्ये ट्रॅक्टर लावायचा. भंगारवाल्याला दसरा झाल्यावर येऊन बघून जा म्हणून सांगूनही ठेवलं होतं. हे मला दाजींकडून कळलं. आक्का असलं कधी सांगत नाही. तिला विचारा, सगळं बरं हाय म्हणेल.

मी पोटासाठी ग्राफिक्स कार्डाचे ड्रायव्हर लिहितो. कॉम्प्युटर आणि पडदा यांच्यामधला हा प्रोग्रॅम. माझ्या कामातला मोठा भाग एका प्रश्नात येतो: समोरच्या पडद्याला किती झेपतं? पडदा सेकंदाला अमुक इतक्या वेळा पुन्हा पुन्हा चित्र काढत असतो. प्रत्येकाची ताकद वेगळी. म्हणून कॉम्प्युटर सुरू झाला की ड्रायव्हर केबलमधल्या दोन बारीक तारांवरून मॉनिटरला विचारतो, बाबा रे, तू कोण, तुझी मर्यादा किती? मॉनिटरच्या पोटात ते लिहून ठेवलेलं असतं, तो सांगतो आणि त्याप्रमाणे चित्र पाठवलं जातं. नव्या पडद्याला जास्त पाठवलं तर तो काळा होऊन नुसती पाटी दाखवतो की हे मला जमणार नाही. जुना काचेचा मात्र बिचारा प्रयत्न करतो. शिट्टी वाजवत वाजवत प्रयत्न करतो आणि आतला एखादा भाग जाळून घेतो. म्हणून मी ओरडलो होतो.

हार तसाच वाकडा सोडला, घरातला माझा मॉनिटर उचलून मागच्या सीटवर टाकला आणि निघालो. रस्त्यावर जिकडेतिकडे झेंडूचे ढीग, धुतलेले ट्रॅक्टर, नवे कपडे घातलेली पोरं. लासुर्ण्यापर्यंत बरं चाललं होतं. निमगाव केतकीला हार घातलेल्या गाड्यांची रांग लागली आणि मी हॉर्नवर हात ठेवून बसलो. लोक माझ्याकडे सणासुदीला कोण हा येडा म्हणून बघत होते. मधूनमधून आक्काचा फोन. "आतली ऊब चढाय लागलीय. थर्मामीटर लावलाय. दार जरा उघडू का?"

"उघड, पण लगेच लाव."

"उघडलं की ओल जाती."

"मग नको उघडू."

"मग ऊब चढती, आरं!"

त्या टप्प्यात आतली पिल्लंच उष्णता सोडायला लागतात, त्यामुळे जुनी सेटिंग जास्त होते. दार उघडावं तर ओल जाते, लावावं तर पिल्लं आतल्या आत शिजतात. दाराच्या फटीत ओलं पोतं लावून ती उघडझाप करत बसली होती, एकटी. इंदापूर ओलांडल्यावर मी गाडी दामटली.

शेडमध्ये शिरलो, मॉनिटर टेबलावर ठेवला, केबल हातात घेतली आणि डोकं धरून उभा राहिलो. माझा मॉनिटर नवा. त्याचं तोंड वेगळं, त्या जुन्या कॉम्प्युटरचं तोंड वेगळं. एकमेकांत जातच नव्हतं. दिवसभर पडद्यांशीच मारामारी करणारा माणूस मी, आणि निघताना प्लग बघितला नाही. आक्काने माझ्याकडे बघितलं, मॉनिटरकडे बघितलं आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे. जुन्याचंच बघ."

जुन्याचा प्लग कॉम्प्युटरमधून ओढून काढला. आत बारीक पिनांच्या तीन रांगा असतात. त्या दिसतच नव्हत्या. दिसत होतं ते पिवळं आणि लाल, वाळून खडखडीत झालेलं हळदकुंकू.

मग उलगडा झाला. आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या घरात आक्काच्या सासूबाई पूजा करतात. कोयता, खुरपं, फवारणीचा पंप, शिलाई मशीन, ट्रॅक्टर आणि यंदा पहिल्यांदाच उबवणीचं मशीन. एकदा पुजलं की दुसऱ्या दिवसापर्यंत त्या वस्तूला कामाला लावायचं नाही हा त्यांचा नेम. उबवणी मशीन बंद करता येत नाही हे आक्काने पटवलं होतं, मग निदान कॉम्प्युटर तरी विसावू दे म्हणून त्यांनी तो बंद करवला, वायरी सोडल्या, ओल्या फडक्याने पुसून काढल्या. त्यांचा हिशेब साधा होता. कोयत्याच्या पात्याची पूजा करतात, मुठीची नाही. जिथून काम होतं तिथं बोट लावायचं. सुनेने कधीतरी सांगितलं होतं की ह्या पिनांतनं चित्र येतं. म्हणून त्यांनी पिनांना लावलं, आणि पाण्यात कालवून, नीट बसावं म्हणून.

त्या वीज गेलेल्या खेपेपासून कित्येक महिने तो कॉम्प्युटर बंदच झाला नव्हता. दसऱ्याच्या सकाळी पहिल्यांदा सुरू झाला, रिवाजाप्रमाणे मॉनिटरला विचारलं, आणि उत्तर आलं नाही.

मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते मला माहीत आहे आणि ते चांगलं नव्हतं. सासूबाई दारातच उभ्या होत्या, हातात चहाची कपबशी. "पाव्हणं, लई लांबनं आलाव. घोटभर घ्या." आक्काने माझं मनगट धरलं. जोरात धरलं. मी तोंड मिटलं.

"काय झालंय त्येला?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही मावशी. पिन जुनी झाली होती."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग आक्काकडे. आक्का थर्मामीटर बघत होती. त्या कपबशी टेबलावर ठेवून गेल्या.

बाभळीच्या काट्याने आणि स्पिरिटच्या बोळ्याने मी एकेक पिन मोकळी करायला लागलो. एक पिन आडवी झोपली होती. कॉम्प्युटरकडच्या भोकात वाळलेला गोळा होता आणि त्यातच सकाळी कुणीतरी प्लग रेटला होता. चिमट्याने तिला सरळ करायला गेलो आणि ती तुटली. इतका बारीक आवाज झाला की आक्काला ऐकूही आला नाही. तिला सांगायचं की नाही ह्या विचारात मी तुकडा चिमट्यात उचलला. ती होती उत्तर आणणारी पिन. चित्राच्या पिना शाबूत होत्या, पण आता तो मॉनिटर कुणी कितीही विचारलं तरी जन्मात बोलणार नव्हता. आणि त्या जुन्या मॉनिटरची वायर त्याच्या पोटातूनच निघते, ती बदलताही येत नाही.

"तुटली," मी म्हटलं.

"मग?" आक्का म्हणाली. वळून बघितलंही नाही. पोत्यावर पाणी शिंपडत होती.

"मग त्याच्या वतीने मी बोलतो."

कॉम्प्युटर सगळ्यात खालच्या सुरक्षित चित्रावर सुरू केला. मोठी मोठी जाड अक्षरं आली, शिट्टी नाही, काही नाही. माझा जीव जरा भांड्यात पडला. पण उबवणीचा प्रोग्रॅम उघडला तर त्याची खिडकी पडद्यापेक्षा मोठी. ऊब आणि ओल ठरवायचे रकाने तळाशी, पडद्याच्या बाहेर. खिडकी वर ढकलायला गेलो तर बनवणाऱ्याने ती हलूच नये अशी सोय करून ठेवलेली. न बघता आकडे टाकायचे तर उबेच्या जागी ओलीचा आकडा जायचा. त्या धोक्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

मग ड्रायव्हर उघडून बघितला. उत्तर आलं नाही तर काय करायचं ह्यासाठी कुणीतरी लिहून ठेवलं होतं: कार्डाला जे जमतं त्यातलं सगळ्यात वरचं पाठव. मी त्या अनोळखी माणसाला मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या की माझ्याच कानाच्या पाळ्या तापल्या. समोरचा गप्प आहे म्हणजे त्याला सगळं झेपतं, असं कुठलं शास्त्र? ती ओळ मी खोडली.

आता मॉनिटरची खरी मर्यादा हवी होती. ती पाठीमागे चिकटवलेल्या पट्टीवर छापलेली असते. पाठ फिरवून बघितली. ह्या आणि आधीच्या मालकांच्या ओल्या फडक्यांनी ती पट्टी पांढरीफटक झाली होती. म्हणजे चाचपडतच वर जायचं होतं. एकेक पायरी चढायची, कान द्यायचा आणि शिट्टी वाढली की माघार घ्यायची. मी ड्रायव्हरला सांगून ठेवलं की नवीन चित्र पाठव, पण मी लगेच होकार दिला नाही तर खालच्यावर परत ये. आणि तो परत येईपर्यंतही नळी जळू शकते म्हणून आक्काला बटणापाशी उभं केलं.

"मी पाड म्हटलं की पाड."

"आन तू म्हणायच्या आधीच फुटला तर?"

"तर आपण दोघं भंगारवाल्याकडे जाऊ," मी म्हटलं. ती हसली नाही. मग माझ्या लक्षात आलं की भंगारवाल्याचं मला ठाऊक आहे हे तिला माहीत नव्हतं.

पहिली पायरी गेली. चित्र आलं, पण तळाचे रकाने अजून अर्धे बाहेर. दुसरी पायरी, म्हणजे प्रोग्रॅमला हवं असलेलं पूर्ण चित्र. मी एन्टर दाबलं. पडदा काळा झाला, आत खट्ट वाजलं आणि चित्र आलं ते फाटलेलं, तिरपं, वरून खाली वाहणारं. शिट्टी सुरू झाली आणि चढायला लागली. नेमक्या त्याच वेळी मला आणखी एक बारीक आवाज ऐकू येत होता आणि कुठला कुठून येतोय ते कळेना. मी कान मॉनिटरला लावला, मग वळलो. दुसरा आवाज मशीनमधून येत होता. पिल्लं कवचाच्या आतून बोलायला लागली होती.

"पाडू का?" आक्का म्हणाली.

"थांब."

"पाडू का, आरं!"

"पाड!"

पडद्यावर अंधार झाला. जळका वास येतोय का म्हणून दोघांनी नाकं फेंदारली. वास नव्हता. आक्काने पुन्हा जाऊन दार किलकिलं केलं, थर्मामीटर बघितला आणि पोतं लावलं. तिचा चेहरा बघवत नव्हता. मी विचारलं, "किती?" ती म्हणाली, "हाय. बरं हाय." मी उठून स्वतः बघितला. बरं नव्हतं.

चित्र तेवढंच मोठं हवं होतं, ते कमी करता येत नव्हतं. पण ते सेकंदाला किती वेळा काढायचं हे माझ्या हातात होतं. कंपनीत मी असं काही केलं असतं तर लोकांनी हाकललं असतं, कारण फेरे कमी केले की पडदा डोळ्यांना लुकलुकताना दिसतो. लुकलुकू दे. मी आकडे पुन्हा मांडले, ओळींचा हिशेब पुन्हा केला, एकदा चुकलो, पुन्हा केला. फेरे अगदी खाली आणले. आक्का बटणावर हात ठेवून उभी राहिली. ती देवाचं नाव घेत होती की मला शिव्या देत होती ते ओठांवरून कळलं नाही.

एन्टर.

काळं. खट्ट. मग चित्र आलं, आणि उभं राहिलं. थरथरत होतं, वाऱ्यावरच्या रॉकेलच्या चिमणीसारखं, पण सरळ होतं आणि पूर्ण होतं. तळाला ऊब आणि ओल दोन्ही रकाने दिसत होते. शिट्टी नव्हती. मी होकाराचं बटण दाबलं आणि खुर्ची आक्काला दिली. तिने बोटाने एकेक अंक दाबला, दाबताना मोठ्याने म्हणत होती. मशीनच्या आत पाण्याची वाफ सुटल्याचा फुसफुस आवाज झाला. आक्का पदर तोंडाला लावून रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. आमच्याकडे भावाबहिणींत असं फारसं करत नाहीत, त्यामुळे आम्ही दोघंही जरा अवघडलो.

त्या दिवशी मी बावड्यातच राहिलो. संध्याकाळी दाजी आले, आपट्याची पानं दिली-घेतली. शेडमध्ये त्यांनी नुसतं डोकावून बघितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पिल्लांचा नुसता कालवा उडाला. ट्रेमागून ट्रे. पिवळी, काळी, तांबूस, ओली, एकमेकांवर पडणारी. दाजी उकिडवे बसून बघत होते. मग बाहेर जाऊन त्यांनी फोन केला आणि यायचं काय काम न्हाय, असं कुणाला तरी सांगितलं. आक्काने ते ऐकलं. तिने मला हाक मारली ती दुसऱ्याच कामासाठी. सगळ्यात पुढचा, दाराजवळचा ट्रे वेगळा दिसत होता. आदल्या दिवशी सकाळभर दाराची उघडझाप झाली तेव्हा वाळला होता तोच. त्यातल्या अंड्यांना भोकं पडली होती, चोची दिसत होत्या, पण कवच पुढे फुटत नव्हतं. काही चोची हलायच्या थांबल्या होत्या.

तो ट्रे घेऊन सासूबाई शेडच्या कोपऱ्यात बसल्या होत्या. शेजारी कोमट पाण्याची वाटी, हातात मऊ जुन्या लुगड्याचं फडकं. एकेक अंडं तळव्यात घ्यायच्या, भोकाच्या कडेला ओलं बोट फिरवायच्या, सुकलेलं कातडं सुटेपर्यंत थांबायच्या, मग नखाने कवचाचा इवलासा तुकडा काढायच्या. घाई अजिबात नव्हती. सकाळपासून तिथंच होत्या, जेवायलाही उठल्या नव्हत्या.

मी निघतो म्हणून सांगायला गेलो. त्यांनी वर न बघता विचारलं, "पाव्हणं, माझ्या बोटानं झालं न्हवं हे?"

"नाही हो मावशी. पिन जुनी होती, तुम्हाला सांगितलं की."

"पिन जुनी असती तर सून मला रोजच्यावानी बोलली असती," त्या म्हणाल्या. "ती मला समदं बोलती. झाकण इसरलं तर बोलती, दिवा जळत ऱ्हायला तर बोलती. काल येका शबदानं बोलली न्हाय. तवाच मला कळलं."

मागे आक्का येऊन उभी होती, तिने ते ऐकलं होतं. ती खाली बसली. सासूला ती आत्या म्हणते.

"आत्या," ती म्हणाली, "तुमच्यामुळंच झालं. पिनांना पाणी लावत्यात व्हय? इचारायचं तरी मला!"

भांडायच्या सुरात बोलली, रोजच्यासारखी. सासूबाईंचे खांदे खाली आले. "मला काय म्हाईत, बाई," त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले.

आक्काने ट्रेमधलं एक अंडं उचलून त्यांच्या तळव्यात ठेवलं. त्याची चोच हलत नव्हती. "हे बघा. मला तर काय ऐकू येत न्हाय ह्यात."

सासूबाईंनी अंड्यावर नखाने हलकेच टकटक केलं आणि ते कानाला लावलं. काही नाही. पुन्हा टकटक केलं, पुन्हा लावलं. आक्का बसल्या जागेवरून पुढे वाकली. मग त्यांनी मान हलवली.

"बोलतंय," त्या म्हणाल्या आणि फडकं पाण्यात बुडवलं.